अमेरिकेत सक्तीची भरती आली तर: युद्धाला नकार देणाऱ्या मुलाची फाइल कशी तयार करायची

मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की तीस दिवसांच्या आत सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या भरतीची यादी ठेवणाऱ्या सरकारी खात्यात, नाव नोंदवायचं असतं. अमेरिकेतल्या मराठी घरांना हे कुठून तरी कळतंच: कधी कॉलेजच्या अर्जातून, कधी ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवरच्या एका चौकोनातून. नोंदणी चार मिनिटांत होते आणि विसरली जाते. सक्तीची भरती, म्हणजे ड्राफ्ट, १९७३ साली थांबला. त्यामुळे तो परत येईल असं कुणाच्या मनातही नसतं. पण ही यादी नेमकी त्यासाठीच ठेवलेली आहे. कोणत्याही युद्धात माणूस मारणं ज्या मुलाला मनापासून अशक्य वाटतं, त्याच्यासाठी कायद्यात वेगळी वाट आहे. अडचण एकच: बोलावणं आलं की ती वाट धरायला फक्त दहा दिवस मिळतात. दहा दिवसांत अर्ज भरता येतो, पण युद्धाविरुद्धची आपली निष्ठा जुनी आहे हे दाखवणारे कागद दहा दिवसांत जमवता येत नाहीत.

हा लेख बहुधा आईबाबाच वाचतील. तिथल्या मुलांना मराठी बोलता येतं, वाचता येतंच असं नाही. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या कामात तुम्ही मुलाला गाडीने पोचवू शकता, कागद सांभाळू शकता, तारखा लक्षात आणून देऊ शकता. त्याचं निवेदन मात्र तुम्ही लिहायचं नाही. आईने किंवा बाबांनी लिहिलेलं निवेदन बोर्डापुढे, म्हणजे असा दावा तपासणाऱ्या स्थानिक मंडळापुढे, तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

शब्द आणि वर्ग

इंग्रजीत अशा माणसाला ‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ म्हणतात. बोलण्यात सगळे नुसतं ‘सीओ’ म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द. ड्राफ्ट चालू असताना प्रत्येक मुलाला एक वर्गीकरण मिळतं. १-ए म्हणजे भरतीसाठी उपलब्ध. सीओसाठी त्याखाली दोन वेगळे वर्ग आहेत, आणि त्यांच्यात गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

१-ए-ओ हा वर्ग सैन्यात जायला तयार असलेल्याचा आहे. तो गणवेश घालतो, हुकूम पाळतो, पण शस्त्र हातात घेत नाही आणि शस्त्राचं प्रशिक्षणही घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या कड्यावरून जखमी जवानांना दोराने खाली उतरवणारा डेस्मंड डॉस या वाटेचा होता. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं.

१-ओ हा वर्ग सैन्याशी कुठलाच संबंध नको असलेल्याचा. त्याला गणवेश नाही. त्याऐवजी २४ महिने नागरी काम करावं लागतं, आणि ते टाळता येत नाही.

मुलाने आधी स्वतःशी ठरवायचं की आपल्याला नेमकं काय अशक्य आहे: स्वतः गोळी झाडणं, की गोळी झाडणाऱ्या यंत्रणेचा भाग होणं? पहिलंच अशक्य असेल तर प्रामाणिक अर्ज १-ए-ओचा होतो. अशा मुलाने ‘मोठा वर्ग मागू, छोटा तरी मिळेल’ असा बाजारातला हिशोब करून १-ओ मागितला, तर उलटतपासणीत तो दोन्हींकडून जातो.

नोंदणी चुकवू नका

सीओ होणं आणि नोंदणी न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणीच्या वेळी सीओ दर्जा मिळत नाही, मागताही येत नाही. नोंदणी केल्याने तो हक्क जातही नाही.

१८ ते २५ वयाचे जवळजवळ सगळे पुरुष नागरिक आणि स्थलांतरित या कायद्याखाली येतात. ग्रीन कार्डवाले येतात, दोन देशांचं नागरिकत्व असलेले येतात, कागदपत्रं नसलेलेही येतात. वैध एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबाचा) व्हिसावर असलेला मुलगा, जोवर तो दर्जा चालू आहे तोवर, येत नाही. मराठी घरांत चूक होते ती इथेच. मुलगा लहानपणापासून एच-४ वर, विसाव्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि त्यानंतरच्या तीस दिवसांत नोंदणी करायची हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सव्विसावा वाढदिवस उलटला की नोंदणी करताच येत नाही. मग नागरिकत्वाच्या अर्जात, विशेषतः वयाच्या ३१ वर्षांपर्यंत, ‘मी जाणूनबुजून टाळलं नाही’ हे सिद्ध करत बसावं लागतं. अनेक सरकारी नोकऱ्याही बंद होतात. कागदावरची शिक्षा पाच वर्षं कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड अशी आहे. १९८० च्या दशकानंतर त्यासाठी खटले भरलेले नाहीत, पण नोकरी आणि नागरिकत्वाचा फटका खराच बसतो.

डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या संरक्षण कायद्याने ही नोंदणी सरकारी नोंदींवरून आपोआप करण्याची तरतूद आणली आहे. तरी नोंदणी झाल्याचं पत्र हातात आहे ना, नाव आणि पत्ता बरोबर आहे ना, हे स्वतः तपासा. पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवायचा असतो. वसतिगृह बदलणारी मुलं हे हमखास विसरतात, आणि मग बोलावणं जुन्या पत्त्यावर जाऊन पडतं. पत्र मिळालं नाही, ही सबब धरून बसू नका.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी एक धोक्याची जागा आहे, ती लाल शाईने लिहून ठेवा. ‘मी या देशाचा नागरिक नाही’ या कारणावर सैनिकी सेवेतून सूट मागितली आणि ती मिळाली, तर त्या माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व कायमचं बंद होतं. सीओचा अर्ज वेगळा आहे. तो परकेपणावर नाही, विवेकावर उभा असतो. ड्राफ्टच्या गडबडीत कुणी ‘तू तर इंडियन पासपोर्टवाला, सरळ ते कारण टाक’ असा सल्ला दिला, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

कायदा नेमकं काय तपासतो

कायद्याचं कलम जुनं आहे आणि त्यात ‘धार्मिक शिकवण आणि श्रद्धा’ असे शब्द आहेत. म्हणून लोकांना वाटतं की ही सवलत क्वेकर, मेनोनाइट अशा शांतिवादी ख्रिस्ती पंथांसाठीच असावी. तसं नाही. १९६५ च्या सीगर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की देव मानणाऱ्याच्या आयुष्यात देवाला जी जागा असते, तीच जागा दुसऱ्याच्या आयुष्यात एखाद्या खोल निष्ठेला असेल तर ती निष्ठा कायद्याला पुरते. १९७० च्या वेल्श खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. वेल्शने अर्जाच्या छापील मजकुरातला ‘धार्मिक’ हा शब्दच खोडला होता, तरी त्याला सूट मिळाली. म्हणजे हिंदू, जैन, बौद्ध, नास्तिक, सगळ्यांना दार उघडं आहे. मंदिराचं प्रमाणपत्र लागत नाही.

कसोट्या तीन आहेत. विरोध कोणत्याही स्वरूपाच्या युद्धाला असावा. तो धार्मिक, नैतिक किंवा नीतिशास्त्रीय निष्ठेतून आलेला असावा. आणि तो खरा असावा.

सगळ्यात जास्त अर्ज पहिल्या कसोटीवर पडतात. १९७१ च्या जिलेट खटल्याने ते पक्कं केलं: ‘हे युद्ध अन्यायाचं आहे, दुसरं न्यायाचं असतं तर गेलो असतो’ असं म्हणणाऱ्याला सूट नाही. त्याच निकालात एका कॅथलिक तरुणाचंही प्रकरण होतं. न्याय्य आणि अन्याय्य युद्धांत भेद करणं ही त्याच्या धर्माचीच शिकवण होती, तरीही न्यायालयाने ऐकलं नाही. हा निकाल पटो न पटो, आजचा कायदा हाच आहे. त्यामुळे निवेदनात राष्ट्राध्यक्षाचं नाव, तेलाच्या कंपन्या, एखाद्या देशावरच्या हल्ल्याची चीड असं काही मध्यभागी आलं की बोर्डाला तो राजकीय विरोध दिसतो. राजकारण, सोय आणि स्वार्थ ही तिन्ही कारणं अपात्र आहेत. मुलाला राजकीय मत असू नये असं नाही. पण त्याचा नकार त्या मतावर टेकलेला नसावा.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. सूट मिळायला माणूस पूर्ण अहिंसक असावा लागत नाही. घरात चोर शिरला तर हात उचलेन असं म्हणणारा सीओ होऊ शकतो, कारण कायदा युद्धाबद्दल विचारतो, मारामारीबद्दल नाही. १९५५ च्या सिक्युरेला खटल्यात तर जगाच्या अंताच्या वेळच्या धर्मयुद्धात लढू असं मानणाऱ्या जेहोवाच्या साक्षीदारालाही (हाही एक ख्रिस्ती पंथ) न्यायालयाने सूट नाकारू दिली नाही. कायदा ज्या युद्धाबद्दल विचारतो ते या जगातलं, खऱ्या शस्त्रांचं युद्ध. हा निकाल पुढे गीतेच्या प्रश्नाला उपयोगी पडतो.

फाइल: काय ठेवायचं आणि कसं

शांततेच्या काळात सीओ दर्जा देणारी कुठलीही सरकारी खिडकी नाही. म्हणून आत्ता करता येण्यासारखं काम म्हणजे तारखा असलेले कागद जमवणं. बोर्डाचा पहिला संशय असतो की हा मुलगा बोलावणं आल्यावर शांतिवादी झाला. त्या संशयाला उत्तर म्हणजे तारीख.

जुनी आणि अजूनही कामाची युक्ती नोंदणीच्या वेळची आहे. ऑनलाइन फॉर्मवर शेरा लिहायला जागा नसते. पोस्टात मिळणाऱ्या कागदी फॉर्मवर सह्या-शिक्क्यांपासून दूर, मोकळ्या जागेत ‘माझा विवेक मला कोणत्याही स्वरूपाच्या युद्धात भाग घेऊ देत नाही’ या अर्थाचं एक इंग्रजी वाक्य काळ्या शाईने लिहायचं, फॉर्मची प्रत काढायची आणि मग तो टाकायचा. सरकार त्या वाक्याची दखल घेणार नाही, घ्यायला बांधीलही नाही. पण त्या तारखेला मुलगा असं म्हणत होता, हे तुमच्या प्रतीवर राहतं. नोंदणी आधीच झाली असेल तर मुलाने स्वतःलाच एक पानाचं पत्र लिहून पोस्टाने घरी पाठवावं. लिफाफा फोडायचा नाही. पोस्टाचा शिक्का हीच त्याची किंमत. शिक्का पुसट उठला तर पत्र पुन्हा पाठवा. पुसट शिक्क्याचा उपयोग शून्य.

नंतर दर वर्षी एकदा, वाढदिवसाच्या आठवड्यात म्हणा, मुलाने एक-दोन पानं लिहावीत: या वर्षात माझं मत कशाने पक्कं झालं, कुठे डळमळलं. डळमळलं हे लिहायला घाबरू नये. चार वर्षांची चार पत्रं शब्दशः सारखी निघाली तर ती पाठ केलेली वाटतात. ज्या पत्रात शंका आहे आणि पुढच्या वर्षी तिचं उत्तर आहे, ते जिवंत माणसाचं वाटतं.

बाकी फाइलमध्ये काय यावं ते मुलाच्या जगण्यावर ठरतं. शाळेत लिहिलेला निबंध, त्यावर शिक्षकांचा शेरा आणि तारीख. हॉस्पिटलमध्ये किंवा वृद्धाश्रमात केलेल्या स्वयंसेवेची नोंद, तासांसकट. विपश्यनेच्या शिबिराचं, बालविहारचं काही असेल तर ते. सैन्याच्या भरती अधिकाऱ्याला दिलेल्या नकाराचा ईमेल. शाकाहार हे अहिंसेचं लक्षण म्हणून दाखवायचं असेल तर तो मुलाने स्वतः निवडलेला असावा. घरात शिजत नाही म्हणून खात नाही, हा पुरावा नव्हे, ते आईचं स्वयंपाकघर झालं.

आणि जे विरुद्ध जातं तेही फाइलच्या वेगळ्या पानावर लिहून ठेवा. शाळेत ज्युनिअर आरओटीसीत, म्हणजे सैनिकी प्रशिक्षणाच्या वर्गात, एक वर्ष घालवलं, मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर गेला, सोशल मीडियावर कुठल्या तरी देशाला ‘उडवून टाका’ असं लिहिलं, तासन्‌तास गोळीबाराचे व्हिडिओ गेम खेळतो. बोर्ड हे विचारू शकतं. जुनी पोस्ट गुपचूप पुसणं हा सगळ्यात वाईट उपाय. ‘तेव्हा तसं वाटायचं, अमुक घडल्यावर बदललं’ हे उत्तर खरं असेल तर तेच अर्जाला बळ देतं, कारण मत कसं तयार झालं हे बोर्डाला तसंही ऐकायचंच असतं.

मूळ कागद एका जागी, एक प्रत घराबाहेर दुसऱ्या कुणाकडे आणि एक संच स्कॅन करून. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडा. ते कुणी केलं त्याचं नाव, सही, तारीख हवी.

निवेदन: तीन प्रश्न

ड्राफ्ट लागल्यावर सीओच्या दाव्यासाठी भरायच्या कागदांत मुलाला मुळात तीनच गोष्टी सांगायच्या असतात: तुमची निष्ठा काय आहे, ती तुमच्यात कशी आली, आणि तिचा तुमच्या जगण्यावर काय परिणाम झाला आहे. याची कच्ची प्रत आत्ताच लिहून ठेवावी. प्रत्येक प्रश्नाला एक ते दीड पान पुरतं. दहा पानी निबंधात विरोधाभास सापडायला जागा वाढते.

पहिल्या उत्तरात कोणत्याही युद्धाला विरोध आहे हे स्पष्ट शब्दांत यायलाच हवं. ‘अहिंसा परमो धर्मः’ एवढं लिहून भागत नाही. ते वचन बोर्डाने ऐकलेलं असेल-नसेल, आणि मुलाने त्याचा काय अर्थ लावला हे त्यातून कळत नाही. ‘माणसाचा जीव घेण्याचा अधिकार मला आहे असं मी मानत नाही, तो हुकूम सरकारने दिला म्हणून त्यात फरक पडत नाही’ हे साधं वाक्य जास्त काम करतं.

दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक मुलं ‘मी हिंदू कुटुंबात वाढलो’ असं लिहून थांबतात. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्याच कुटुंबात वाढलेला चुलतभाऊ मरीन्समध्ये असू शकतो. माणसं, प्रसंग, वर्षं यायला हवीत: आजीकडे रोज संध्याकाळी म्हटलेलं पसायदान, त्याचा अर्थ कधी विचारला, तिने काय सांगितलं, वर्गात हिरोशिमावरचा धडा झाला तो आठवडा, हॉस्पिटलात पाहिलेला पहिला मृत्यू.

तिसऱ्या उत्तरात फाइलमधले कागद कामाला येतात. इथे विशेषणं नकोत, क्रियापदं हवीत. काय केलं, काय सोडलं, कशाला नाही म्हटलं आणि त्याची काय किंमत मोजली. संरक्षण खात्यासाठी काम करणाऱ्या कंपनीतली इंटर्नशिप नाकारली असेल तर तो एक ईमेल दोन पानांच्या तत्त्वज्ञानापेक्षा भारी आहे.

इंटरनेटवर तयार निवेदनं मिळतात. यंत्राकडून लिहून घेणं तर आता फारच सोपं झालंय. मुलाच्या तोंडी जो शब्द कधी येत नाही तो निवेदनात असला की बोर्डाचा सदस्य त्याच शब्दावर बोट ठेवतो: ‘याचा अर्थ सांग पाहू.’

सोबत पत्रं जोडायची ती तीन ते पाच. पत्र लिहिणाऱ्याने मुलाला किती वर्षं ओळखतो, कुठल्या नात्याने, आणि त्याच्या निष्ठेचा कोणता प्रसंग स्वतः पाहिला हे लिहावं. ‘मुलगा गुणी आहे, अभ्यासात हुशार आहे’ ही पत्रं लग्नाच्या स्थळाला बरी, इथे वाया जातात. सगळ्यात वजनदार पत्र असतं ते मुलाशी सहमत नसलेल्या माणसाचं. एखादा प्रशिक्षक, पूर्वी सैन्यात असलेला शेजारी किंवा भारतीय सैन्यातून निवृत्त झालेला काका जर लिहीत असेल की ‘मला याचं पटत नाही, पण हा खरं बोलतो आहे’, तर त्याला तोड नाही. सगळी पत्रं एकाच मसुद्यावरून निघालेली दिसली की सगळीच बाद समजा.

गीता, शिवाजी महाराज आणि बाकीचे अवघड प्रश्न

मराठी मुलाला एक प्रश्न येणारच असं धरून चाला: ‘तुमच्या धर्मग्रंथात तर कृष्ण अर्जुनाला लढ म्हणतो. मग?’ बोर्डाचे सदस्य साधे स्थानिक नागरिक असतात, पण गीतेबद्दल एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. ‘ते प्रतीक आहे’ असं म्हणून झटकून टाकू नये. मुलाचं वाचन खरंच तसं असेल तर सांगता येतं की गांधींनी ते युद्ध माणसाच्या मनातलं मानलं, आणि विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर मराठीतून प्रवचनं दिली ती अहिंसा जगणाऱ्या माणसाची होती. याच विनोबांना १९४० साली गांधींनी वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून निवडलं, आणि पवनारला त्यांनी युद्धात मदत न करण्याचं भाषण केलं. मराठी घरातल्या मुलासाठी हा अगदी जवळचा दाखला आहे.

पण उसना दाखला परत मागितला जातो. गांधींचं नाव घेतलं की जाणकार सदस्य विचारेल: १८९९ साली बोअर युद्धात त्यांनी रुग्णवाहक पथक काढलं, १९१८ मध्ये खेड्यात फिरून इंग्रजांच्या सैन्यासाठी माणसं भरती करायचा प्रयत्न केला, त्याचं काय? (खेडा म्हणजे गुजरातमधला जिल्हा; मुलाने ‘गावात’ असा अर्थ लावून उत्तर देऊ नये.) ज्याला हे माहीत नाही त्याने गांधींवर अर्ज उभारू नये. ‘त्यांचं ते पाऊल मला पटत नाही’ हेही चालणारं उत्तर आहे. अर्ज मुलाचा आहे, गांधींचा नाही. ज्याला गीता महत्त्वाची वाटतच नाही त्याने तेच सांगावं. वेल्शने धर्माचं नावही घेतलं नव्हतं.

दुसरा खास आपल्याकडचा पेच म्हणजे शिवाजी महाराज. मंडळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवतानाचे, कमरेला लाकडी तलवार लावून फेटा बांधलेले फोटो प्रत्येक मुलाचे असतात. इतिहासाबद्दल आदर असणं आणि आज स्वतः युद्धात उतरणं यांत फरक आहे, हे मुलाने आपल्या शब्दांत मांडायला हवं. ‘मग महाराजांनी लढायला नको होतं का?’ या प्रश्नाला गोलमाल उत्तर दिलं की ते ‘काही युद्धं चालतात’ या खड्ड्यात जाऊन पडतं. ‘त्या काळात मी असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही, आज माझ्या हातून हे होणार नाही’ हे उत्तर सरळ आहे आणि कायद्यातही बसतं. ‘मग हिटलरशीही लढायला नको होतं का?’ या प्रश्नाचीही गत तीच, आणि तो ऐंशी वर्षं विचारला जातोय.

‘तुझ्या बहिणीवर कुणी हल्ला केला तर?’ या प्रश्नावर मुलं विनाकारण अडखळतात. वर म्हटल्याप्रमाणे स्वतःचा किंवा घरच्यांचा बचाव करणं आणि युद्ध करणं कायद्याने वेगळं आहे. मुलगा जे खरंच करेल ते सांगावं. ‘मी हात जोडून उभा राहीन’ असं खोटं सांगितलं तर पुढचा प्रश्न त्याहून अवघड येतो.

सराव करताना आईबाबांनी बोर्ड होऊ नये, तुम्ही मध्येच उत्तरं पुरवाल. ओळखीतला एखादा कडक शिक्षक बसवा.

ड्राफ्ट लागल्यावरचा क्रम

राष्ट्राध्यक्ष एकट्याने ड्राफ्ट सुरू करू शकत नाही. आधी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करायचा, मग राष्ट्राध्यक्षाची सही. त्यानंतर सोडत: एका पिंपात जन्मतारखा, दुसऱ्यात क्रमांक. त्या वर्षात वीस पूर्ण करणारी मुलं पहिली, मग २१ ते २५ अशी चढत, आणि शेवटी १९ आणि साडेअठराची. पहिली तुकडी १९३ दिवसांत सैन्याच्या ताब्यात द्यायची अशी सध्याची योजना आहे.

बोलावण्याचं पत्र आलं की त्यावरची तारीख पाहा आणि त्याच दिवशी दावा दाखल करायची तयारी करा. सूट, स्थगिती किंवा लांबणीवर टाकण्याचा दावा करायला दहा दिवस असतात. दावा वेळेत पोचला की त्याचा निकाल लागेपर्यंत भरती थांबते. पोच मिळेल अशा टपालानेच पाठवा, प्रत्येक पानाची प्रत ठेवा. कॉलेजात असलेल्याला चालू सत्र संपेपर्यंत आणि शेवटच्या वर्षाला असलेल्याला ते वर्ष संपेपर्यंत स्थगिती मिळते, पण ती नुसती स्थगिती आहे, सूट नव्हे. ‘आधी डिग्री होऊ दे, मग बघू’ म्हणून सीओचा दावा मागे ठेवला तर बोर्ड विचारणार की निष्ठा सुट्टीवर गेली होती का.

सीओच्या दाव्यात मुलाला स्थानिक बोर्डापुढे स्वतः हजर राहावंच लागतं. बोर्डावर स्वयंसेवक नागरिक असतात, न्यायाधीश नाहीत. लेखी कागद आणि मुलाला ओळखणारी माणसं सोबत नेता येतात. गैरहजर राहिलं की दावा सोडून दिला असं धरलं जातं, म्हणून आजारपण, परीक्षा असं काही आड आलं तर आधी लेखी कळवा. निघाल्यावर त्याच दिवशी मुलाने काय विचारलं, काय उत्तर दिलं ते आठवेल तेवढं लिहून काढावं. अपिलात ते लागतं.

दावा नाकारला तर कारणं लेखी घ्या. ही औपचारिकता नाही. मुष्टियोद्धा मुहम्मद अलीने एप्रिल १९६७ मध्ये ह्यूस्टनला भरतीसाठी पाऊल पुढे टाकायला नकार दिला. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ८ विरुद्ध ० अशी रद्द केली, आणि रद्द करण्याचं कारण हेच होतं की अपील बोर्डाने तिन्हींपैकी कोणत्या कसोटीवर दावा फेटाळला ते सांगितलंच नव्हतं. स्थानिक बोर्डाच्या वर जिल्हा अपील बोर्ड असतं. तिथेही नकार आला, पण एकमताने नाही, तर राष्ट्रीय अपील बोर्डाकडे जाता येतं. एकमताने आला तर तो रस्ता संपतो. प्रत्येक पायरीची मुदत निकालाच्या पत्रात असते, ती फ्रिजवर चिकटवा. वकील नसेल तर आता गाठाच. वॉशिंग्टनमधलं ‘सेंटर ऑन कॉन्शन्स अँड वॉर’ १९४० पासून नेमकं याच कामात आहे.

जो आधीच कॉलेजची फी भागावी म्हणून नॅशनल गार्डमध्ये किंवा सैन्यात दाखल झाला आहे, त्याची वाट वेगळी. त्याचा अर्ज सैन्याच्या आत जातो: धर्मगुरूची मुलाखत, मानसोपचारतज्ज्ञाची मुलाखत, मग चौकशी अधिकाऱ्यापुढे सुनावणी. तिथे कसोटीही उलटी लागते. निष्ठा दाखल होण्याआधीपासूनच होती असं दिसलं तर ‘मग सही का केलीस?’ म्हणून अर्ज पडतो. दाखल झाल्यानंतर ती कशी पक्की होत गेली हे दाखवावं लागतं.

२४ महिने

१-ओ मिळालेल्याला आरोग्यसेवा, शिक्षण, लहान मुलांची किंवा वृद्धांची देखभाल, जंगल आणि पर्यावरण अशा क्षेत्रांत काम दिलं जातं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १२,००० सीओ नागरी शिबिरांत होते. त्यांनी मनोरुग्णालयांत चाकरी केली, वणवे विझवायला विमानातून उड्या टाकल्या, आणि मिनेसोटात ३६ जणांनी उपासमारीच्या प्रयोगासाठी स्वतःला उपाशी ठेवून घेतलं. कोणतं काम आवडेल याचा विचार आधीच करून ठेवलेला मुलगा बोर्डापुढेही बरा दिसतो. ‘तुला काय करायला आवडेल?’ याला ‘जे द्याल ते’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मी ईएमटीचा (रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांचा) कोर्स केलाय’ म्हणणारा वेगळा.

आईबाबांची शपथ

हा विषय मुलापुरता नाही. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात तुम्हालाही तीन प्रश्न असतात: कायद्याने मागितलं तर शस्त्र धराल का, सैन्यात शस्त्राविना सेवा द्याल का, आणि नागरी देखरेखीखाली राष्ट्रीय महत्त्वाचं काम कराल का. वय साठ असलं तरी हे प्रश्न असतातच, आणि बहुतेक जण न वाचता तिन्हींवर ‘हो’ करतात. ज्याचं मन पहिल्या किंवा पहिल्या दोन्हींना खरंच तयार नाही, त्याला ‘नाही’ म्हणता येतं आणि शपथेतली ती वाक्यं गाळून मागता येतात. इथेही कुठल्या पंथाचं सभासदत्व लागत नाही, खोल नैतिक निष्ठा पुरते. मुलाखतीला जाताना एक पानाचं स्वतः लिहिलेलं निवेदन आणि तुम्हाला ओळखणाऱ्या कुणाचं पत्र असेल तर ते न्या. कारण फक्त विशिष्ट युद्धाचं देऊ नका, नियम इथेही तोच आहे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ‘हो’च लागतं. ते वाक्य शपथेतून गाळता येत नाही.